आमचा पोर्शन आणि जावेचं घर

जावेचं घर एकोणिसाव्या मजल्यावर आहे, आणि तिथून आमचं चिक्कडपल्ली दिसत नाही, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बाल्कनीत उभी राहून मी नुसती इकडंतिकडं बघत होते, तर ही मागून आली आणि म्हणाली, ताई, तुमचं घर त्या बाजूला येतं, पण मध्ये खूप बिल्डिंगा आहेत. तिच्या मनात काही नव्हतं. तिच्या मनात कधीच काही नसतं, हीच तर पंचाईत आहे. काही असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं.

मी जळते तिच्यावर. आडून सांगण्यात अर्थ नाही. आमचे हे म्हणतात, कुकटपल्लीहून परत येताना मेट्रोत माझं तोंड बघूनच समोरचा माणूस उठून जागा देतो. जळायला मला मोठी गोष्ट लागत नाही. नळ सोडला की पाणी येतं, ह्याच्यावर मी जळते. कपड्यांची मशीन ठेवायला स्वयंपाकघराला लागून वेगळी जागा आहे, ह्याच्यावर जळते. दारावर पितळेची पाटी आहे, तिचं नाव वर आणि भाऊजींचं खाली. त्या पाटीवर तर इतकी जळले की त्या दिवशी घरी येऊन मी जेवलेच नाही. आमच्या फाटकावर घरमालकाचं नाव आहे. आमचं नाव फक्त टपालावर येतं, तेही मालकाच्या नावाच्या खाली.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर, आणि ही त्याची बायको, पुण्याची. दोघंही कॉम्प्युटरवाले. ती बोलते छापील पुस्तकासारखं. मी "हौ" म्हटलं, "नक्को" म्हटलं की तिला हसू येतं, आणि मग वाईट वाटून ती स्वतःच माझ्याशी "हौ, हौ" करायला लागते. त्याचा मला जास्त राग येतो.

आम्ही मूळचे नांदेडकडचे शेतकरी. सासरे तरुणपणीच नोकरीपायी हैदराबादला आले आणि चिक्कडपल्लीतल्या एका घराचा वरचा मजला त्यांनी भाड्यानं घेतला. इथं त्याला पोर्शन म्हणतात. त्याच पोर्शनमध्ये मी नवरी होऊन आले. माझी मुलं तिथंच मोठी होऊन नोकऱ्यांच्या गावी गेली. भाऊजी तिथंच कंदिलाखाली नाही, चांगल्या ट्यूबलाइटखाली बसून शिकले, आणि त्यांच्या परीक्षेच्या दिवसांत मी कुकरची शिट्टी होऊ देत नव्हते. मालक बदलला नाही, आम्ही बदललो नाही. खाली म्हातारा मालक होता, आता त्याचा मुलगा आणि सून आहेत. माणसं भली. आंबे आले की करंडीभर वर येतात, उगादीला कडुनिंब-गुळाची पचडी येते. पण भिंतीत खिळा मारायचा तर आजही मी खाली जाऊन विचारून येते.

घर का घेतलं नाही, तर ते यांना विचारा. कुकटपल्लीच्या पलीकडे प्लॉट पडत होते तेव्हा यांच्या ऑफिसातले लोक जीपगाडी करून बघायला गेले होते. हेही गेले. परत येऊन म्हणाले, दगडं आहेत आणि सीताफळाची झुडपं आहेत, तिथं काय कोल्ह्यांच्या शेजारी राहायचं? नंतर दिलसुखनगरला एक तयार फ्लॅट आला, तर त्याचं दार दक्षिणेला होतं. मग मुलांचं शिक्षण आलं. मग भाव असे काही चढले की यांनी विषय काढणंच सोडलं आणि मी सोडलं नाही. आज त्या दगडांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि त्यांतल्या एकात माझी जाऊ राहते. मी तिच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसले की यांच्याकडे बघते. हे पंख्याकडे बघतात.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे, आमच्याकडे तसंच म्हणतात. जाऊ पहिल्या दिवसापासून "आई" म्हणायला लागली. इतकी वर्षं त्यांची धुणीभांडी, त्यांचं पथ्य, त्यांची बोलणी, सगळं माझ्याकडे, आणि ही सणावाराला येऊन गळ्यात पडून आई म्हणणार. आत्याबाईंनाही ते आवडायचं. माझ्या लक्षात यायचं.

आत्याबाईंना एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती धास्ती आमच्या गल्लीनंच त्यांच्या मनात घातली. समोरच्या घरात एक भाडेकरू कुटुंब होतं. त्यांचा म्हातारा दवाखान्यात वारला. मालकानं त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. इकडच्या लोकांत असं आहे की वाईट नक्षत्रावर माणूस गेला, तर त्या घराला महिनोन्महिने कुलूप घालून सगळ्यांनी बाहेर राहायचं. मेला तो भाडेकरू असला तरी घर मालकाचंच, कुलूप त्यालाच लागणार. म्हणून मग भर उन्हाळ्यात रस्त्यावर कापड बांधून म्हाताऱ्याला तिथं ठेवलं. त्याच्या सुनांनी चार बाजूंनी साड्या धरल्या आणि आत आंघोळ घातली. स्कूटरवाले हॉर्न वाजवत बाजूनं जात होते. आत्याबाई आमच्या गॅलरीतून हे सगळं बघत होत्या. मी आत चला म्हटलं तर आल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "पोरी, मला असं रस्त्यावर ठेवू नका गं. कुठं बी ठेवा, पण छपराखाली ठेवा." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता. पण त्या दिवसापासून नुसती शिंक आली तरी त्या मला ते वाक्य ऐकवायच्या.

मागच्या थंडीत त्या आजारी पडल्या. ताप छातीत उतरला, दवाखाना झाला, आणि डॉक्टरांनी एके दिवशी यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, सेवा करा. ह्याचा अर्थ काय तो आम्हाला कळला. घरी आणलं, खुर्चीत बसवून दोघातिघांनी जिना चढवला. तासाभरात खालची मालकीण वर आली. ताक घेऊन आली होती. आत्याबाईंच्या पायाशी बसली, पाय दाबले, तेलुगूत पेद्दम्मा, पेद्दम्मा, म्हणजे मोठी आई, करत काहीबाही बोलून त्यांना हसवलं. जाताना जिन्याच्या तोंडाशी थांबली आणि माझा हात धरून म्हणाली, "बुरा नक्को मानो. पेद्दम्मा कू कुछ हुआ तो यहाँ नक्को. हमारे में घर बंद करना पडता." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि आता सुचवून घ्यायची माझी इच्छा नाही.

आता अख्ख्या खानदानात स्वतःचं घर म्हणावं असं एकच. यांनी भावाला फोन लावला. मी कान देऊन बसले होते. मला वाटलं होतं, तिकडून थोडी कुरकुर होईल, बघतो, विचारतो, असं काही येईल. तिनं विचार करायला दोन दिवस घेतले असते तरी माझ्या जिवाला बरं वाटलं असतं. यांनी फोन ठेवला आणि मी पोळ्या लाटायला घेते तोवर तिचाच फोन. म्हणाली, "ताई, खोली रिकामी केलीय. आईंना घेऊनच या, आणि तुम्हीही राहा." एवढं बोलली आणि माझ्याजवळ रागवायला काहीच उरलं नाही. माझ्या हातची पोळी तव्यावर करपली.

मी आत्याबाईंच्या साड्या पिशवीत भरत होते तेव्हा त्यांनी विचारलं, कुठं नेता मला? मी म्हटलं, धाकट्याकडे, हवा चांगली आहे. त्या म्हणाल्या, बरं झालं. आता "बरं झालं" हे त्यांनी माझ्या तोंडावर म्हणायला नको होतं. का नेतोय ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पण जिनं उशापायथ्याशी बसून सगळं केलं तिच्यासमोर निदान डोळे तरी पुसावेत की नाही?

कुकटपल्लीत वॉचमननं आमची ॲम्ब्युलन्स मागच्या बाजूला घ्यायला लावली. स्ट्रेचर पुढच्या लिफ्टमधून न्यायची परवानगी नाही म्हणे, सामानाची लिफ्ट वेगळी आहे. त्या लिफ्टमध्ये फरशीची खोकी होती आणि एका बाईचा कुत्रा होता. जाऊ वॉचमनला बरंच बोलली, पण नियम तो नियम. एवढ्या मोठ्या घराच्या मालकिणीला वॉचमन ऐकत नाही, हे बघून मला अशा वेळीसुद्धा गार वाटलं. काय करणार, मी अशीच आहे.

खोली पूर्वेची होती. मोठी खिडकी, भाड्यानं आणलेला दवाखान्याचा पलंग, उशाशी बेल. आम्ही सगळे वाट बघत बसलो. कुणी तसं बोललं नाही, पण गंगेचं पाणी आणि तुळस कपाटावर काढून ठेवली होती आणि दिलसुखनगरच्या माझ्या नणंदेनं काळ्या काठाचं लुगडंसुद्धा आणून ठेवलं होतं. मी सकाळी यांचा डबा करून मेट्रो बदलत कुकटपल्ली गाठायची आणि संध्याकाळी परत यायची.

आणि आत्याबाई उठून बसल्या.

औषधं कमी केली म्हणून म्हणा, रात्री शांत झोप लागायला लागली म्हणून म्हणा, देव जाणे. एके दिवशी गेले तर पलंगावर पाठ टेकून बसलेल्या, आणि जाऊ त्यांना आमटी-भात भरवतेय. तिची ती पुण्याची गुळाची आमटी. जन्मभर आत्याबाई म्हणत आल्या की गोड वरण म्हणजे आजाऱ्याचं खाणं. मी त्यांच्यासाठी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी डब्यातून घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, ठेव, संध्याकाळी खाईन. आणि आमटी आणखी मागितली. माझ्या हाताला चव आहे असं या बाईनं उभ्या आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. मी तो डबा तसाच परत आणला आणि यांना रात्री तीच भाजी वाढली, आणि हे चांगली झालीय म्हणाले तर त्यांच्यावरच खेकसले.

संक्रांतीला त्या चाकाच्या खुर्चीवरून खाली बागेत जायला लागल्या. तिथं त्यांना मैत्रिणी मिळाल्या, दोन तेलुगू आजीबाई आणि एक राजस्थानातली. कोणाचं कोणाला कळत नव्हतं आणि सगळ्या तास तासभर बोलत होत्या. आत्याबाईंचा रंग उजळला. केस धुऊन त्यांना जाऊ ड्रायरनं वाळवून द्यायची आणि त्यांना त्या गरम वाऱ्याचं भारी कौतुक. लोक मला सांगायचे, बघा, जागा बदलली आणि गुण आला. मला तोंडात मारल्यासारखं व्हायचं. माझ्या घरी मरायला टेकलेली बाई तिच्या घरी फिरायला लागते, ह्याचा अर्थ लोकांनी काय घ्यायचा? आणि मी काय घ्यायचा? मी खिडकी उघडत नव्हते? मी खायला घालत नव्हते? माझ्याकडे पूर्वेची खोली नव्हती, एवढाच माझा गुन्हा. मेट्रोत बसून मी हेच सगळं मनातल्या मनात जावेला सुनवायची, आणि तिच्या दारात पोचले की तिनं हसून दार उघडलं की विसरायची. परत निघाले की पुन्हा आठवायचं.

पण पाडव्याला माझी वेळ आली. त्यांच्या सोसायटीत बाल्कनीबाहेर काही बांधायचं नाही असा नियम आहे, बिल्डिंग बाहेरून एकसारखी दिसली पाहिजे म्हणे. त्यामुळं जावेची गुढी हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला उभी राहते. आत्याबाईंना ते कळल्यावर त्यांनी भाऊजींना सरळ सांगितलं, गुढीला आभाळ दिसलं पाहिजे, मला चिक्कडपल्लीला ने. मला जो आनंद झाला तो मी कशाला लपवू? तुझं घर एकोणिसाव्या मजल्यावर, आभाळाला लागलेलं, आणि गुढी टीव्हीला टेकून! आमच्या भाड्याच्या गॅलरीत मात्र दरवर्षी रस्त्यावरून दिसेल अशी गुढी उभी राहते. जाऊ म्हणाली, प्रवास झेपेल का? मी म्हटलं, न झेपायला काय झालं, चांगल्या हिंडताहेत-फिरताहेत. दोन दिवसांनी परत आणून सोडते. खाली मालकिणीला विचारलं, तर तीही हो म्हणाली, पेद्दम्मा बऱ्या झाल्या ना आता.

पाडवा असा झाला की विचारू नका. मी पुरण घातलं, गुढीला माझी पैठणी नेसवली. आत्याबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. आमचा पाडवा तोच त्यांचा उगादी, तेव्हा खालून पचडी आली, मालकिणीनं त्यांना वाकून नमस्कार केला. आत्याबाई पोटभर जेवल्या, पुरणाला नाव ठेवलं नाही. त्यांच्या तोंडून जे येणार नाही ते मी त्यांच्या ताटावरून ओळखलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्या रात्री गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले होते. मी आत्याबाईंना पुढ्यात घेऊन त्यांची वेणी घालत होते. केस ते किती, पण तेल लावून घट्ट घातली की त्यांना बरं वाटे. खाली मालकीण अंगणात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, मला घरी कवा सोडतीस?"

माझा हात थांबला. ज्या घरात त्यांनी संसार केला, तीन मुलं वाढवली, मला सून म्हणून आणलं, तिथं बसून बाई विचारते, घरी कधी सोडतेस. कुकटपल्लीच्या त्या चार महिन्यांना घर म्हणते. मी म्हटलं, आजच्या दिवस राहा की. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं रुसल्या. मी वेणीचं शेवटचं पेड घालून गाठ मारली तेव्हा त्यांची मान माझ्या मांडीकडे आली, आणि मी म्हणतेय, अहो सरळ बसा की जरा.

गेल्या होत्या.

मी यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. खाली अंगणात बोलणं चालू होतं. हे बाहेर आले, बघितलं, आणि आधी दार लावून घेतलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो आणि दोघांच्याही मनात एकच, समोरच्या रस्त्यावरचं ते कापड. यांनी फोन लावला. भाऊजी ऑफिसात होते, ते थेट घरी पोचतो म्हणाले. जाऊ घरून काम करत होती. ती म्हणाली, कुणाला बोलावू नका, टॅक्सी नको, मी गाडी घेऊन येते.

ती येईपर्यंतची वेळ मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. रडायचं नव्हतं. भाड्याच्या घरात हुंदका खाली ऐकू जातो. आमचे हे दाराला टेकून तोंडात रुमाल धरून बसले होते. मी आत्याबाईंना गंगेचं पाणी घातलं, तुळस ठेवली, परत काढली. मग रोजच्या वेळेला कुकर लावला, कारण रोजच्या वेळेला शिट्टी झाली नाही तर खालची सहज विचारायला वर आली असती. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मी त्यांची साडी बदलत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा त्यांना लावला. खुर्चीत बसवून पदर डोक्यावरून नीट घेतला.

जाऊ आली. बघितलं, ओठ घट्ट दाबले आणि खुर्चीची एक बाजू धरली. दुसरी यांनी. मी मागून मान सांभाळत जिना उतरले. फाटकाशी मालकीण उभी होती. म्हणाली, "पेद्दम्मा सो गए क्या?" मी म्हटलं, "हौ. गोळी दिली." तिनं लांबूनच हात जोडले. तिला कळलं की नाही ते मला आजपर्यंत माहीत नाही. मी नंतर परत आले तेव्हा फाटकापासून जिन्यापर्यंत हळदीच्या पाण्यानं धुतलेलं होतं, पण सणानंतर ती धुतेच.

गाडीत हे पुढे, मी मागे, आत्याबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर. जाऊ गाडी चालवत होती. दर सिग्नलला कुणी ना कुणी काचेजवळ येत होतं, फुलं विकणारी, रुमाल विकणारा, आणि मी आत्याबाईंचा पदर सारखा करत होते. अमीरपेटच्या पुढे जाऊ आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आता रडा. काचा वर आहेत." पण तिच्या गाडीत, तिच्या परवानगीनं रडायचं नाही, असं माझ्या मनानं घेतलं. अशा वेळीसुद्धा माणसाचं मन काय काय घेतं. मी बाहेर बघत बसले.

टॉवरच्या दाराशी चाकाची खुर्ची तयार होती. वॉचमननं सलाम केला, अम्मा कसा झाला सण, असं विचारलं, आणि पुढची लिफ्ट धरून ठेवली. वर खोलीत त्यांना पलंगावर निजवलं. भाऊजी आले, बिल्डिंगमधला ओळखीचा डॉक्टर आला, त्यानं बघून मान हलवली. मग जावेनं एकदम हंबरडा फोडला. तिच्याच घरात होती, तिला कोण अडवणार होतं? शेजारपाजारची दारं उघडली, बायका धावत आल्या आणि सगळ्या तिलाच धरायला गेल्या. मी रडायला लागले तेव्हा तिचं रडून झालं होतं.

आत्याबाईंना हॉलमध्ये, छपराखाली, गार फरशीवर चटई घालून ठेवलं. सगळं रीतीनं झालं. गावाकडून माणसं आली, त्यांना टेकायला जागा होती. खाली बागेतल्या तिन्ही म्हाताऱ्या येऊन पायांवर फुलं वाहून गेल्या. त्यांना हवं होतं तसं झालं, ह्याबद्दल माझ्या मनात खोट नाही.

पण त्या कुठं गेल्या ते कुणाला सांगायचं नाही, असं आम्ही चौघांनी ठरवलं होतं. विशेष करून नणंदेला नाही, कारण ती आमच्याकडे आली की आधी खाली मालकिणीपाशी तासभर बसते आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आम्हाला अजून त्याच घरात राहायचं होतं. ह्या वयात दुसरा पोर्शन हुडकत कुठं फिरणार? तेव्हा नणंद दारातून आली ती थेट जावेच्या गळ्यात पडली. म्हणाली, तू होतीस म्हणून माझी आई घरात गेली, माझ्या आईचं तू सोनं केलंस. मग पाणी पिऊन झाल्यावर, डोळे पुसता पुसता तिनं माझ्याकडे बघितलं.

"तू कुठं होतीस गं त्या वेळी?"

मी म्हटलं, "मेट्रोत होते. पोचायला उशीर झाला."

ती म्हणाली, नशीब एकेकाचं. माझ्या मांडीवर गेलेल्या बाईसाठी मला तिच्याकडून समजूत काढून घ्यावी लागली. गावाकडच्या एकीएकीनं तेच विचारलं आणि एकीएकीला मी तेच सांगितलं. सगळ्या जावेच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. जाऊ मान खाली घालून बसली होती. एकदा दोनदा तिनं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. त्या वेळी मला ती सगळ्यांत जास्त नकोशी झाली होती.

तेराव्याची माणसं पांगल्यावर मी स्वयंपाकघरात कप गोळा करत होते. ती मागून आली. दार लोटून घेतलं. तिचा आवाज बसला होता.

"ताई, शेवटी काही म्हणाल्या का त्या?"

मी म्हटलं, "नाही. वेणी घालता घालता गेल्या."

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, इकडे यायचं म्हणाल्या असतील."

मी म्हटलं, "नाही गं," आणि कप विसळायला घेतले.